गॅरेजमधलं वर्कशॉप उन्हाळ्यात तापू नये म्हणून: छपरापासून पंख्यापर्यंत

गॅरेज बांधलं जातं ते गाडीसाठी. गाडीला उकडत नाही, म्हणून छप्पर पातळ, भिंती साध्या, समोर पूर्ण रुंदीचं लोखंडी शटर आणि खिडकी असलीच तर एखादी. त्याच जागेत आपण कामाचं टेबल मांडतो, करवत, रंधा, ग्राइंडर आणतो आणि भर उन्हाळ्यात तासन्‌तास उभे राहतो. घामाने पेन्सिलची रेघ पुसली जाते, लक्ष उडतं आणि फिरत्या पात्याजवळ हात असताना लक्ष उडणं सर्वांत घातक.

बहुतेक जण यावर पहिला उपाय म्हणून मोठा पंखा, कूलर किंवा थेट एसी आणतात. माझ्या मते हा खर्च सर्वांत शेवटी यायला हवा. हिशेब करून पाहा. २० फूट लांब आणि १२ फूट रुंद गॅरेजचं छप्पर सुमारे २२ चौरस मीटर भरतं. निरभ्र दुपारी दर चौरस मीटरवर जवळपास १००० वॅट ऊन पडतं, म्हणजे नुसत्या छपरावर २२ किलोवॅट. दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीने चालला तरी सव्वापाच किलोवॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकतो. छपरावरचा बराच ताप वारा आणि आकाश परत नेतात हे खरं, पण पत्रा उघडा असेल तर आत येणारा वाटासुद्धा एसीला दम काढायला लावतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी ऊन अडवायचं, मग आतली तापलेली हवा बाहेर काढायची, मग अंगावर वारा घ्यायचा. एवढ्याने भागलं नाही तरच हवा थंड करणारं यंत्र.

आधी एक दिवस नुसतं मोजा

दोन थर्मामीटर घ्या, आर्द्रताही दाखवणारे असतील तर उत्तम. एक कामाच्या टेबलाजवळ छातीच्या उंचीवर टांगा, दुसरा बाहेर सावलीत. सकाळपासून रात्रीपर्यंत दर दोन तासांनी आकडे लिहून ठेवा. दुपारी छप्पर, शटर आणि चारही भिंती आतून इन्फ्रारेड थर्मामीटरने (न टेकवता लांबूनच पृष्ठभागाचं तापमान दाखवणाऱ्या उपकरणाने) तपासा. एक काळजी घ्या: चकचकीत पत्र्यावर हे उपकरण फसवं, बहुधा खूपच कमी तापमान दाखवतं. पत्र्यावर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा, दोन मिनिटं थांबा आणि त्या टेपवर नेम धरून वाचा.

आता आकड्यांकडे बघा. आतली हवा बाहेरच्यापेक्षा दोन-तीन अंशांनीच जास्त आहे, तरी डोकं भाजल्यासारखं वाटतं, तर दोष छपराचा आहे. तापलेला पत्रा खाली थेट उष्णता फेकतो आणि हवेचं तापमान मोजणाऱ्या थर्मामीटरला ती नीट दिसत नाही. शंका असेल तर टेबलाजवळ उभे राहून तळहात आधी जमिनीकडे आणि मग छपराकडे वळवा. फरक तिथल्या तिथे जाणवतो. आतली हवा बाहेरच्यापेक्षा सात-आठ अंशांनी गरम असेल, तर हवा कोंडते आहे. आणि सर्वांत जास्त उकाडा संध्याकाळी किंवा रात्री होत असेल, तर स्लॅब आणि विटांच्या भिंती दिवसभर ताप साठवून नंतर आत सोडत आहेत. तिन्ही दुखणी वेगळी, औषधंही वेगळी. आपलं कुठलं हे कळल्याशिवाय खिशात हात घालू नका.

छप्पर: पहिला खर्च इथेच

पत्र्याचं छप्पर असेल तर पांढरा रंग हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे. चांगला पांढरा परावर्तक रंग नवा असताना ८० टक्क्यांच्या आसपास ऊन परत फेकतो. गडद किंवा गंजलेला पत्रा तेवढंच ऊन पिऊन टाकतो आणि ६५-७० अंश सेल्सिअसपर्यंत सहज तापतो. ‘आमचा पत्रा तर चांदीसारखा चमकतो, मग रंग कशाला?’ असं वाटू शकतं. पण कोरा गॅल्व्हनाइज्ड पत्रा ऊन काही प्रमाणात परतवत असला, तरी जेवढी उष्णता घेतो तेवढी आकाशाकडे लवकर सोडत नाही, म्हणून तोही चांगलाच तापतो. पांढरा रंग दोन्ही कामं करतो: ऊन परतवतो आणि घेतलेला ताप पटकन सोडतो.

रंग लावण्याची पद्धत अशी. आधी तारेच्या ब्रशने सुटा गंज आणि जुना पोपडा काढा. पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्या. नट-बोल्टांच्या वायसर तपासा, जिथून पाणी गळतं तिथे सीलंट भरा. गंजलेल्या जागी मेटल प्रायमर लावा. मग परावर्तक रंगाचे दोन हात, दुसरा हात पहिल्याला आडवा. काम सकाळी लवकर करा, कारण तापलेल्या पत्र्यावर रंग ब्रश फिरवतानाच सुकतो आणि धरत नाही. पत्र्यावर चालताना पाय खिळ्यांच्या रेषेवर, म्हणजे खालच्या आडव्या पाइपांवर पडू द्या आणि पायाखाली रुंद फळी ठेवा. छप्पर जुन्या सिमेंटच्या पत्र्याचं असेल तर मात्र थांबा. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ते घासणं, कापणं किंवा त्याला भोक पाडणं म्हणजे फुप्फुसाला घातक तंतू हवेत उडवणं. शिवाय असा पत्रा पायाखाली अचानक फुटतो. हे काम जाणकारांकडूनच करून घ्या.

स्लॅब असेल तर शेवाळ खरवडून, भेगा भरून, धुऊन तोच रंग चालतो. पण स्लॅबसाठी मला सावली जास्त पटते. लोखंडी सांगाडा उभारून स्लॅबच्या दोन-तीन फूट वर ७५ टक्के सावलीची शेडनेट ताणा. नेट स्लॅबला टेकवून अंथरू नका. मधून वारा खेळला तरच नेटने पकडलेला ताप वाहून जातो. सौरपॅनेल बसवायचा विचार असेल तर त्याखालची सावली हा वरचा फायदा आहे. उष्णतारोधक थर टाकायचा झाला तर तो शक्यतो स्लॅबच्या वरून टाका. खालून लावला तर स्लॅब तापतच राहतो, वरून लावला तर तो तापतच नाही आणि रात्री आत सोडायला त्याच्याकडे काही उरत नाही.

पत्र्याच्या खालून दुसरा थर घालायचा असेल तर दोन पर्याय आहेत. पहिला, अ‍ॅल्युमिनियम फॉइलची शीट. फॉइल उष्णता रोखतं ते चकचकीत बाजूसमोर मोकळी हवा असेल तरच. पत्र्याला घट्ट चिकटवलं तर पत्र्याचा ताप त्यातून सरळ पार होतो. म्हणून पत्र्याखाली निदान १ इंच जागा सोडून ते आडव्या पाइपांवर ताणायचं आणि चमकती बाजू खाली ठेवायची. वर तोंड करून ठेवलेल्या फॉइलवर धूळ बसते आणि धुळीने माखलेलं फॉइल कुचकामी. पत्रा आणि फॉइल यांच्या मधली जागा वळचणीला आणि छपराच्या माथ्याला उघडी राहिली, तर तिथली तापलेली हवा आपोआप वर निघून जाते. फॉइल विजेचं वाहक आहे हे विसरू नका. काम सुरू करण्याआधी मेन स्विच बंद करा आणि उघड्या लोंबत्या वायरी पाइपात घालून घ्या.

दुसरा पर्याय म्हणजे जाड थर: रॉकवूल, ग्लासवूल, थर्मोकोल किंवा फोमचे बोर्ड. ज्यांच्याकडे ग्राइंडर आणि वेल्डिंग चालतं त्यांनी उघडा फोम किंवा थर्मोकोल डोक्यावर अजिबात ठेवू नये. एका ठिणगीने तो पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. तिथे न जळणारं रॉकवूल घ्या आणि खालून जिप्सम बोर्ड लावून ते झाका. लोकरीसारखे हे थर हाताळताना हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि मास्क हवाच.

शटर

समोरचं शटर म्हणजे एक पूर्ण भिंत, तीही पातळ पत्र्याची. पश्चिमेला तोंड असेल तर दुपारी चारनंतर त्याच्यासमोर उभं राहवत नाही. पश्चिमेचं ऊन तिरकं येतं, त्यामुळे वरचा छज्जा उपयोगी पडत नाही. सावली उभीच हवी.

शटरची जात बघून उपाय ठरवा. गुंडाळलं जाणारं रोलिंग शटर असेल तर पट्ट्यांवर काही चिकटवता येत नाही, ते ड्रममध्ये अडकतं. बाहेरून, शटरपासून अर्धा-एक फूट पुढे, वरच्या पाइपावर जाड शेडनेट किंवा बांबूचा पडदा सोडा. ऊन शटरपर्यंत पोचण्याआधीच अडतं, म्हणून बाहेरचा पडदा आतल्यापेक्षा केव्हाही सरस. बाहेर जागा नसेल तर आतून जाड कापडाचा पडदा शटरपासून तीन-चार इंच सोडून टांगा. तापलेल्या पत्र्याचा थेट मारा तरी चुकतो. ठिणग्यांचं काम असेल तर पडदा वेल्डिंगच्या आगरोधक कापडाचाच हवा.

आडव्या फळ्यांचं, छताला समांतर सरकणारं दार असेल तर प्रत्येक फळीच्या खाचेत फोमचा बोर्ड बसवता येतो. खाच मोजा, बोर्ड त्याहून किंचित मोठा कापा म्हणजे तो दाबून बसेल, मध्ये चिकटवण्याचे चार ठिपके द्या. कापताना धारदार लांब सुरी वापरा, बोथट पात्याने फोमचे दाणे सुटतात. इथेही ठिणग्यांचा प्रश्न आहेच, म्हणून बोर्ड पत्र्याचं आवरण असलेला घ्या किंवा ग्राइंडर दारापासून लांब ठेवा. बोर्ड हलका असला तरी सगळे मिळून दाराचं वजन वाढतं. काम झाल्यावर मोटर सोडवून दार हाताने अर्ध्यावर आणा आणि हळूच हात सैल करा. दार तिथेच थांबलं तर ठीक. खाली येऊ लागलं तर स्प्रिंगचा ताण वाढवावा लागेल आणि ते काम प्रशिक्षित माणसाचं आहे. ताणलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडते, जीवही जातो.

खिडक्यांसाठी तेच सूत्र: सावली काचेच्या बाहेर. आतला पडदा उजेड अडवतो, पण तोवर ऊन काचेतून आत आलेलं असतं.

हवा कुठून येणार आणि कुठून जाणार

एक्झॉस्ट फॅन लावला आणि काहीच फरक पडला नाही, अशी तक्रार खूप ऐकू येते. बहुतेक वेळा कारण एकच असतं: आत यायला हवेला वाटच नसते. फॅन जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी आत आली पाहिजे, नाहीतर तो जागच्या जागी घरघरतो.

मोजून घ्या. २० बाय १२ फूट आणि १० फूट उंच गॅरेजमध्ये २४०० घनफूट हवा मावते. उन्हाळ्यात ती दर दोन-तीन मिनिटांनी बदलायची तर ८०० ते १२०० सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट हवा फेकणारा फॅन लागेल. खोक्यावरचा आकडा फॅन मोकळ्या हवेत फिरतानाचा असतो. जाळी, झडप आणि धूळ लागली की तो घटतो, म्हणून थोडा मोठाच घ्या. आत येणाऱ्या हवेसाठी दर ३०० सीएफएममागे १ चौरस फूट मोकळी जागा धरा. १००० सीएफएमला साडेतीन चौरस फूट, आणि मच्छरदाणीची जाळी लावली तर त्याच्या दीडपट.

एवढी हवा खेळवायची का, तर याचं उत्तर यंत्रांमध्ये आहे. दोन हॉर्सपॉवरची करवत किंवा डस्ट कलेक्टर (भुसा ओढून घेणारं यंत्र) चालताना साधारण १५०० वॅट घेतो आणि ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच उरते. १००० सीएफएम हवा वाहत असेल तर तेवढ्या उष्णतेने तिचं तापमान अडीच-पावणेतीन अंशच वाढतं. २०० सीएफएम असेल तर तेरा अंशांच्या पुढे जातं.

जागा निवडताना फॅन भिंतीत शक्य तितका उंच लावा, कारण तापलेली हवा वर साचते. हवा आत येणारं तोंड समोरच्या भिंतीत, खाली, आणि सावलीच्या बाजूला हवं. उन्हात तापलेल्या फरशीवरची हवा आत ओढून काही साधत नाही. दोन्ही तोंडं जवळजवळ असली तर हवा एकातून येऊन दुसऱ्यातून लगेच निघून जाते आणि तुम्ही उभे आहात तो कोपरा तसाच कोंडलेला राहतो. वेगळी भोकं पाडायची नसतील तर शटर खालून फूटभर उचलून समोरच्या भिंतीत वर फॅन लावा. सावलीच्या वेळी ही जोडी उत्तम चालते. छपरावर वाऱ्याने फिरणारा टर्बो व्हेंटिलेटर बसवला तर विजेशिवाय वरची गरम हवा जाते, पण वारा पडला की त्याचा जोर ओसरतो. भर त्याच्यावर ठेवू नका.

एक धोका इथे सांगायलाच हवा. गॅरेज घराला लागून असेल आणि जवळच गॅसवर चालणारा, धुराड्याचा गीझर किंवा बॉयलर असेल, तर जोरदार एक्झॉस्टमुळे धुराड्यातली हवा उलटी आत ओढली जाऊ शकते. त्यातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो, ना त्याला वास येतो. आत येणाऱ्या हवेची वाट मोठी ठेवा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. लॅकर, थिनरची फवारणी करत असाल तर साधा एक्झॉस्ट फॅन चालवू नका. त्याच्या मोटरमधली ठिणगी वाफेला पुरते. त्यासाठी स्फोटरोधक मोटरचाच फॅन लागतो.

रात्रीची गार हवा फुकट मिळते, ती वापरा. बाहेरचं तापमान आतल्यापेक्षा खाली आलं की सगळी तोंडं उघडून फॅन काही तास चालवा, म्हणजे भिंती, फरशी आणि लोखंडी यंत्रं निवतात. सकाळी बाहेरचा आकडा आतल्याला गाठू लागला की सगळं बंद. जाड भिंतींच्या गॅरेजमध्ये हा गारवा दुपारपर्यंत टिकतो, नुसत्या पत्र्याच्या शेडमध्ये टिकत नाही. दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक असलेल्या कोरड्या हवेत याचा लाभ सर्वांत जास्त.

आत ताप आणणाऱ्या गोष्टी

नुकतीच चालवून आणलेली गाडी आत घेऊ नका. शे-दीडशे किलोचं तापलेलं इंजिन तासभर खोली तापवत राहतं. गाडी निवेपर्यंत बाहेर ठेवा. जुने हॅलोजन दिवे काढून एलईडी लावा: ५०० वॅटच्या हॅलोजनची जागा ५०-६० वॅटचा एलईडी घेतो आणि डोक्यावरची शेगडी विझते. एअर कॉम्प्रेसर शक्य असेल तर बाहेर, छप्पर असलेल्या हवेशीर खोक्यात हलवा आणि पाइप भिंतीतून आत आणा. उष्णता जाते आणि आवाजही जातो. दमट दिवसांत त्याच्या टाकीत पाणी साचतं, ते रोज काम संपल्यावर सोडून द्या. वेल्डिंग संध्याकाळी आणि बाहेर.

कामाचा क्रमही बदला. फळ्या फाडणं, रंधणं, घासणं ही अंगमेहनतीची आणि यंत्रांची कामं सकाळी उरका. दुपारी पटाशीला धार लावा, आखणी करा, मापं लिहा.

पंखा कुठे ठेवायचा

पंखा खोली थंड करत नाही, अंगावरचा घाम वाळवून आपल्याला गार करतो. आपण तिथे नसताना चालणारा पंखा आपल्या मोटरचा ताप खोलीत तेवढा ओततो. छताचा साधा पंखा ७०-७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या प्रकारच्या) मोटरचा ३० वॅटच्या आसपास. फार कोरड्या, फार तापलेल्या हवेत पंख्यावर विसंबू नका. हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा शरीराला उलट तापवतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा आहे.

लाकूडकामात पंखा तुमच्या तिरक्या मागे किंवा बाजूला ठेवा, म्हणजे भुसा तोंडावर येत नाही आणि हवा तुमच्याकडून धुळीकडे, धुळीकडून एक्झॉस्टकडे जाते. समोरचा पंखा भुसा नाकात कोंबतो. मिग किंवा टिग वेल्डिंग करताना पंख्याचा झोत सांध्यावर पडला तर संरक्षक वायू उडून जातो आणि सांध्यात बारीक छिद्रं राहतात. तिथे पंखा पायांच्या पातळीवर, झोत पाठीकडे. वॉर्निश ओलं असताना पंखा बंद, कारण धूळ त्यावर कायमची बसते.

ओला रुमाल किंवा पंचा मानेभोवती गुंडाळणं फार सुखाचं असतं, पण ड्रिल प्रेस, लेथ किंवा कुठल्याही फिरत्या यंत्राजवळ ते करू नका. लोंबतं टोक अडकलं तर यंत्र मान ओढून घेतं. ओलं कापड हवं असेल तर टोपीच्या आत ठेवा.

कूलर की एसी

कूलरचं गणित पाण्यात आहे. १ लीटर पाणी वाफ होताना हवेतून सुमारे ०.६७ किलोवॅट-तास उष्णता घेतं. ताशी ५ लीटर पाणी उडवणारा कूलर त्या हिशेबाने सव्वातीन किलोवॅटचं काम करतो, तेही पंखा आणि पंपापुरत्या विजेवर. पण हवा कोरडी असेल तरच. ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असताना चांगला कूलर २६-२७ अंशांची हवा देऊ शकतो. ३५ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर तापमान तीन-चार अंशच उतरतं, आणि तुम्ही चिकट हवेत उभे. कूलरसमोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत तो आपल्याच ओलाव्यात गुदमरतो.

आपल्या अवजारांच्या दृष्टीने कूलरची बाजू लंगडी आहे. आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की बिडाच्या टेबलावर, पटाशांवर, रंध्याच्या पात्यावर गंज झपाट्याने चढतो. लाकूडही पाणी पितं: ३० टक्के आर्द्रतेच्या हवेत रुळलेल्या लाकडात ६ टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो, ८० टक्क्यांच्या हवेत तो १६ टक्क्यांवर जातो. फळी रुंदीत फुगते आणि कूलरसमोर नीट बसवलेला खण कोरड्या खोलीत सैल होतो. म्हणून लाकूडकाम करणाऱ्याने कूलर वापरायचाच तर झोत माणसावर ठेवावा, लाकडाचा साठा दुसऱ्या टोकाला, बिडाच्या टेबलांना मेण चोळलेलं आणि पटाशा तेलाच्या फडक्यात. गाडीदुरुस्ती किंवा इतर धातुकाम, जिथे वस्तू लगेच रंगते किंवा तेलात राहते, तिथे कूलरला हरकत नाही. टाकीतलं पाणी दर आठवड्याला पूर्ण ओता आणि टाकी घासा, नाहीतर डास होतात.

दमट हवेत एसी हाच खरा पर्याय, कारण तो हवेतलं पाणीही काढतो. पण छप्पर आणि शटर झाल्यावरच. फटी बुजवा, दाराखाली रबराची पट्टी लावा. एकाच पाइपचा फिरता एसी टाळा: तो आतली हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच तापलेली हवा फटींमधून आत ओढली जाते. स्प्लिट घ्या. भुशाने त्याची जाळी लवकर बुजते, म्हणून कामाच्या दिवसांत ती दर आठवड्याला धुवा. डस्ट कलेक्टर बाहेर हवा सोडत असेल तर तो तुमची गार केलेली हवाही मिनिटागणिक बाहेर फेकतो. अशा वेळी बारीक फिल्टर लावून हवा आतच परतवावी लागते. आणि थिनर, पेट्रोल, स्प्रे यांचं काम एसी लावून बंद खोलीत कधीही करू नका.

सामान आणि शरीर

उन्हाळ्यात गॅरेजमधलं सामानही आजारी पडतं. लिथियम बॅटऱ्या ४० अंशांच्या वर चार्ज करू नका. चार्जर घरातल्या गार खोलीत ठेवा. स्प्रेच्या डब्यांवर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते आणि बंद गॅरेजच्या वरच्या फळीवर ती ओलांडली जाऊ शकते, म्हणून ते खालच्या कप्प्यात. इपॉक्सीला तापमान दर १० अंशांनी वाढलं की काम करायला मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. थोडं थोडं कालवा आणि पसरट भांड्यात ठेवा. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून टाकू नका. ती आपोआप तापून पेटतात, उकाड्यात तर जास्तच. बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवा.

घामेजल्या हाताने विजेची अवजारं धरणार, तेव्हा गॅरेजच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच लाइन तोडणारी स्विच, हवीच.

पाणी तहान लागायची वाट न बघता दर १५-२० मिनिटांनी पेलाभर, म्हणजे २००-२५० मिलिलीटर. तासाला दीड लीटरच्या वर नको, कारण नुसत्या पाण्याचा अतिरेक रक्तातलं मीठ पातळ करतो. दोन तासांपेक्षा जास्त घाम गाळायचा असेल तर क्षार असलेलं पेय किंवा खाणं सोबत घ्या. उन्हाळ्याच्या पहिल्या दिवसांत पूर्ण वेळ काम करू नका. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात.

डोकं दुखणं, पोटऱ्यांत गोळे, मळमळ अशी सुरुवात झाली की हातातलं अवजार खाली ठेवा, यंत्राची पिन काढा आणि गार जागी जा. बोलणं बरळल्यासारखं झालं, माणूस गोंधळला किंवा कोसळला तर तो उष्माघात समजा, घाम येत असला तरीही. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत अंगावर सतत गार पाणी ओता, पंख्याचा वारा द्या, काख आणि मानेवर बर्फ ठेवा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. गॅरेजमध्ये एकट्याने काम करत असाल तर घरातल्या कुणाला तरी दर अर्ध्या तासाने हाक मारायला सांगून ठेवा आणि शटर आतून कुलूपबंद करू नका.